साहेब, तास मोजा

प्रति,
मा. केंद्रीय ऊर्जामंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला शाळेची एक जुनी वही टांगलेली आहे. वीज कधी आली, कधी गेली, एवढंच मी तिच्यात लिहितो. गेल्या मे महिन्यातलं एक पान असं आहे : 'पाळी रात्री 10 ते सकाळी 8. आली 12 ला. 1:40 ला गेली. 3:10 ला आली, व्होल्टेज कमी, मोटार नुसती गुरगुरते, बंद केली. 4:30 ला चालू. 6 ला डीपीवर फ्यूज उडाला.' डीपी म्हणजे शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर. कागदावर दहा तास, मोटार धड चालली जेमतेम तीन तास.

बाग केळीची, यावल तालुक्यातली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. ठिबक आहे, थेंब वाया जात नाही. पण ठिबकला दाब लागतो आणि दाबाला वीज. ऐन निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडताना, दोन-तीन पाळ्या हुकल्या की तो अर्धवटच येतो. असा घड व्यापारी हातातही घेत नाही.

कुणी म्हणेल, तुमचं बिल तर शून्य आहे. खरं आहे. राज्य सरकारने एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली, मार्च 2029 पर्यंत. माझी मोटार पाचची. पण त्याच वहीच्या मागच्या पानांवर वाइंडिंगचा, जळालेल्या स्टार्टरचा आणि केबलचा हिशेब आहे, तो काही शून्य नाही. शिवाय फुकट म्हटलं की तक्रारीचीही चोरी. डीपीवर फ्यूज टाकायला आलेला वायरमन हसून म्हणतो, 'भाऊ, पैसे भरता का?'

आम्हाला रात्री का उठवलं जातं, हे आपल्याला ठाऊक आहेच, तरी लिहितो. कोळशाचा संच रात्री बंद करून सकाळी पेटवणं परवडत नाही. रात्री मागणी पडायची, वीज उरायची, म्हणून शेतीपंप रात्रीच्या पाळीला ढकलले. त्या काळी त्यात अर्थ होता. आता गणित फिरलं आहे. सौरऊर्जेमुळे वीज उरते ती दुपारी, आणि तंगी होते संध्याकाळी सात ते दहा. आपल्याच खात्याने 2023 मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून सांगितलं की सौर तासांतला, म्हणजे दिवसा ऊन असतानाचा, दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा. कारखान्यांना तो 1 एप्रिल 2024 पासून, घरांना 1 एप्रिल 2025 पासून. वगळलं कुणाला? शेतीला. ज्याचा पंप दुपारी चालवणं सगळ्यात सोपं, तोच या हिशेबाच्या बाहेर.

त्याच नियमांचा 2020 चा मूळ मजकूर वाचला. सगळ्या ग्राहकांना चोवीस तास वीज, असं त्यात म्हटलं आहे. आणि लगेच पुढे, शेतीसारख्या ग्राहकांसाठी वीज नियामक आयोग तास कमी ठरवू शकेल. ठरवा, हरकत नाही. मला चोवीस तास नकोतच. बाराही महिने चोवीस तास मोटार चालली तर विहिरीत उरेल काय? आमच्या पट्ट्यात पाणी आधीच दरवर्षी खाली चाललं आहे. सकाळी 9 ते संध्याकाळी 5, आठ तास, पूर्ण व्होल्टेजने, एवढंच लिहून द्या. आणि ते मिळाले नाहीत तर भरपाई आपोआप, अर्ज न करता.

खान्देशात ऊन कमी आहे का? साक्रीजवळ शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सरकारी सौर प्रकल्प दहा वर्षांहून जास्त काळ उभा आहे. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे. वाऱ्याचं मात्र उलटं आहे. तो जोर धरतो पावसाळ्यात, तेव्हा आमच्या मोटारी बंद. म्हणून आमचं काम सूर्यावरच. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून तिथली वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांच्या वेगळ्या वाहिनीला, जाते. कल्पना चांगली आहे. दूरच्या तारांमधली गळतीही वाचते. फक्त आपल्या भाषणांत येतं ते 'इतके मेगावॅट बसवले'. किती फीडरना किती दिवस पूर्ण आठ तास मिळाले, हा आकडा कधी ऐकला नाही. जमिनीचंही बघा. वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यापायी विखरणच्या 84 वर्षांच्या शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं, ते धुळे जिल्हा विसरलेला नाही.

आता दीपनगर, भुसावळजवळचं कोळशाचं वीज केंद्र. माझा भाचा तिथे ठेकेदाराकडे आहे. कोळसा उद्या बंद करा असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याने मे महिन्यात भुसावळला कूलर बंद करून एक रात्र काढावी. 30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॅटवर गेली होती. आज देशातली निम्मी स्थापित क्षमता कोळशाशिवायची आहे, तरी प्रत्यक्ष वीज मोठ्या अंशाने कोळशातूनच येते. दिवस मावळला की तोच आधार. पण मग त्याने दुपारी बाजूला सरकायला हवं. संच क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत खाली आणता यावेत, असा 2023 चा नियम आहे, पुढे 40 टक्के. भाचा म्हणतो, 'मामा, बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे.' वरखाली केलं की नळ्या ताणतात, कोळसाही युनिटमागे जास्त लागतो. हा खर्च कुणीतरी भरणारच. तो इंधन समायोजन आकारात, म्हणजे इंधनाच्या खर्चाप्रमाणे बिलात लागणाऱ्या आकारात, लपवू नका, वेगळा दाखवा. घरच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, समायोजन आकार, वर 16 टक्के वीज शुल्क. बायको विचारते, यातली वीज कुठली? मला सांगता येत नाही.

धुराचंही एक. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये घातली, मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. देशी कोळशात गंधक कमी असतो, हे मान्य. पण दहा वर्षं 'करणार, करणार' म्हणत शेवटी 'गरज नाही' ऐकल्यावर 2070 च्या शून्य उत्सर्जनाच्या वचनाकडे माणूस कोणत्या नजरेने बघेल?

खर्चाचं म्हणाल तर फुकट विजेसाठी तिजोरीतून जाणाऱ्या पैशातला काही भाग बॅटरीकडे वळवा, म्हणजे दुपारची वीज संध्याकाळपर्यंत टिकेल. आणि मला नाममात्र का होईना, बिल लावा. पैसे भरले की वायरमनला उत्तर देता येतं. आमच्या गावात हे वाक्य आवडणार नाही, हे माहीत असून लिहितो आहे.

वहीच्या मे महिन्याच्या पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. 17 तारखेच्या पानावर चहा सांडला आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

आपला,
एक केळी उत्पादक
ता. यावल, जि. जळगाव