निरोप पोचला का, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रकाशापेक्षा वेगवान गोष्टींवर जो लेख आला त्याबद्दल लिहितेय. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सोमवारी पहिल्याच तासाला एक मुलगी ते पान घडी करून घेऊन आली आणि म्हणाली, बाई, तुम्ही तर सांगितलं होतं की प्रकाशापेक्षा वेगात काहीच जात नाही, मग इथे पाच गोष्टी दिल्यात त्या कशा? प्रश्न एकदम रास्त होता आणि तो अख्खा तास आमचा त्यावरच गेला, धडा राहिला तो राहिलाच. पण तुमचा पेपर माझ्या वर्गापुरता नाही, लाखभर घरांत तोच प्रश्न पडला असणार, म्हणून हे पत्र.

लेखात सांगितलेलं बरंचसं खोटं नाहीये, हे आधीच सांगते. चुकलंय ते असं की लेझरचा ठिपका, अणुभट्टीतली निळी झाक, दूरच्या दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह), जुळे कण आणि न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण अशा पाच अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आणि वर 'आइनस्टाइनला आव्हान' अशी चिठ्ठी लावली. मी मुलांना एकच कसोटी दिली. कुणी म्हणालं अमुक गोष्ट प्रकाशापेक्षा वेगात गेली, तर विचारायचं, त्या गोष्टीबरोबर इथून तिथे एखादा निरोप पाठवता येतो का? साधा 'हो' किंवा 'नाही' एवढाच निरोप, पण प्रकाशाच्या आधी पोचला पाहिजे. कारण आइनस्टाइनने १९०५ साली जे मांडलं त्यात खरी बंदी त्यावर आहे, वस्तूवर, ऊर्जेवर आणि निरोपावर. नुसत्या 'वेग' या शब्दावर नाही.

आता लेझरचा ठिपका घ्या. पृथ्वीवरून चंद्रावर लेझर मारला आणि मनगट हलवून तो ठिपका चंद्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागात फिरवला तर ठिपक्याचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेतीन लाख किलोमीटर भरतो, म्हणजे प्रकाशाच्या सुमारे ३ लाखांपेक्षा जास्त. हिशोब बरोबर आहे. पण चंद्राच्या या कडेवरचं काहीच त्या कडेला गेलेलं नाही! प्रत्येक प्रकाशकण पृथ्वीवरून निघून सरळ आपापल्या जागी पोचला, आपल्या नेहमीच्या वेगाने. एका कडेला उभा असलेला माणूस त्या ठिपक्यावर चिठ्ठी ठेवून दुसऱ्या कडेच्या माणसाला पाठवू शकत नाही. पोरांना हे दोन मिनिटांत कळलं.

निळ्या प्रकाशाचं तर अजून सोपं. अणुभट्टीच्या पाण्यात जी सुंदर निळी झाक दिसते ती इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशाला मागे टाकतात म्हणून. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास उतरतो आणि इलेक्ट्रॉन त्याहून जोरात जाऊ शकतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये ही झाक अभ्यासली आणि १९५८ साली त्यासाठी नोबेल मिळालं. पण निर्वात पोकळीतला जो वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, त्याला तिथेही कुणी हात लावलेला नाही. लेखात 'पाण्यातला' हा एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं.

दूरच्या दीर्घिकांचा मुद्दा मात्र खरंच विचार करण्यासारखा आहे आणि माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ त्यावर गेला. साधारण १४ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडे ज्या दीर्घिका आहेत त्या आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने लांब जातायत, हे बरोबर आहे. पण त्या अवकाशातून धावत नाहीयेत, मधलं अवकाशच ताणलं जातंय. तिथल्या माणसाला (असलाच कुणी तर) त्याची स्वतःची दीर्घिका जवळपास जागच्या जागी वाटेल आणि आपली दीर्घिकाच पळतेय असं दिसेल. त्या दीर्घिकेच्या शेजारून प्रकाशाचा किरण गेला तर तिथेही तो किरणच पुढे जाणार, दीर्घिका त्याला कधीच गाठणार नाही. शर्यत तिथल्या तिथे लावायची, इथे बसून नाही.

जुळ्या कणांची गोष्ट सगळ्यात जास्त गैरसमज पसरवणारी. २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना याच कामासाठी मिळालं. दोन कण एकमेकांत गुंतलेले, कितीही लांब ठेवले तरी एकाची मोजणी केली की दुसऱ्याच्या मोजणीशी ती जुळते. तुमच्या लेखात लिहिलंय की यातून 'तत्क्षणी संदेश' पाठवता येईल. नाही येत. माझ्या टोकाला मला जे उत्तर मिळतं ते माझ्या हातात नसतं, कधी हे कधी ते, नाणं उडवल्यासारखं, त्यामुळे मी ठरवून 'हो' पाठवूच शकत नाही. आणि समोरच्यालाही त्याच्या टोकाला नुसती उलटसुलट उत्तरांची रांग दिसते. जुळणी झालीये हे कधी कळतं? दोघांनी आपापल्या वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि ती वही किंवा तो फोन प्रकाशाच्या वेगानेच किंवा त्याहून हळूच येणार. गूढ आहे, मलाही अजून रोमांच उभे राहतात, पण निरोप नाही जात.

माझी खरी तक्रार पाचव्या गोष्टीबद्दल आहे.

सप्टेंबर २०११ ची ती बातमी. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणसंशोधन केंद्रातून न्यूट्रिनो सोडले, जमिनीखालून खडकातून थेट इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेत, अंतर सुमारे ७३० किलोमीटर, आणि ते प्रकाशाला लागेल त्यापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं ओपेरा नावाच्या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांच्या गटाला दिसलं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, आणि ६० नॅनोसेकंद म्हणजे प्रकाश जेमतेम १८ मीटर जातो तेवढा वेळ. तुमच्या लेखाने इथेच पूर्णविराम दिलाय. वाचणाऱ्याला वाटणार की न्यूट्रिनो जिंकले आणि विषय संपला. मला हे फार लागलं कारण पुढचा भाग हाच त्या गोष्टीचा जीव आहे.

त्या लोकांनी 'आइनस्टाइन हरला' असं म्हटलंच नव्हतं. तीन वर्षांची जवळपास सोळा हजार न्यूट्रिनोंची मोजणी, सहा महिने आपलीच चूक शोधत बसले, सापडेना, तेव्हा सगळ्यांसमोर ठेवलं की बघा बाबांनो तुम्हाला कुठे चूक दिसते का. नोव्हेंबरमध्ये वेगळ्या पद्धतीने अगदी आखूड झोत सोडून पुन्हा मोजलं, उत्तर तेच. आणि मग फेब्रुवारी २०१२ मध्ये सापडलं, जीपीएसची वेळ आणणारी फायबर ऑप्टिक केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. तेवढ्यानं वेळेत फरक पडत होता. घड्याळातही एक दोष निघाला जो उलट्या दिशेने चुकवत होता. त्याच प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या गटाने, इकारसने, स्वतंत्रपणे मोजलं तर न्यूट्रिनो अगदी प्रकाशाच्या वेळेला धरून आले. जून २०१२ पर्यंत ओपेरासकट सगळ्यांचं तेच.

आणि संशय घ्यायला एक जुना साक्षीदारही होताच. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या मोठ्या मॅगेलनिक ढगात (ही एक छोटी दीर्घिका) एक तारा फुटलेला दिसला, अंतर १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. त्याचे दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो पृथ्वीवर पकडले गेले, उजेड दिसायच्या काही तास आधी. आधी का, तर न्यूट्रिनो ताऱ्याच्या गाभ्यातून लगेच सुटतात आणि उजेडाला मात्र आतला धक्का पृष्ठभागापर्यंत येईस्तोवर थांबावं लागतं. पण ओपेराच्या आकड्याइतका जास्त वेग त्यांना असता तर ते उजेडाच्या चार वर्षं आधी येऊन गेले असते! त्यांची ऊर्जा ओपेराच्या न्यूट्रिनोंपेक्षा खूप कमी होती त्यामुळे एवढ्यावरच निकाल लागत नव्हता हे मान्य, पण शंका घ्यायला ते भरपूर होतं. हा हिशोब दहावीचं पोरगं फळ्यावर करतं, आमच्यातल्या एकानं केलासुद्धा.

मुलांचा पुढचा प्रश्न असा की मग जास्त जोर लावला तर? हा प्रश्न मला आवडतो कारण याचं उत्तर मोजलेलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ बर्टोझी यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉनना जास्त जास्त ऊर्जा देत त्यांचा वेग मोजला. जुन्या न्यूटनच्या सूत्राने शेवटच्या मोजणीतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या साडेसात पट वेगात जायला हवे होते, ते प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ आले, पण त्यापुढे गेलेच नाहीत. मग दिलेली ऊर्जा गेली कुठे? इलेक्ट्रॉन धातूच्या चकतीवर आपटवून उष्णता मोजली तर ऊर्जा होती, सगळी होती, फक्त वेगात उतरत नव्हती. आज सर्नच्या कण पळवणाऱ्या मोठ्या यंत्रात प्रोटॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त ३ मीटरच्या आसपास मागे असतात, माणूस सावकाश पळतो तेवढाच फरक, आणि तो फरक कधीच शून्य होत नाही.

माझ्या विषयातल्या लोकांनी दार लावून टाकलेलं नाही हेही लिहायला हवं. १९६२ साली बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी मांडलं की जे कण जन्मतःच प्रकाशापेक्षा वेगवान असतील त्यांना सूत्रांची मनाई नाही, फक्त त्यांना प्रकाशाच्या वेगाखाली येता येणार नाही. फाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये त्यांना टॅकिऑन नाव दिलं. शोध झाले, सापडला नाही एकही. आणि सापडला तर मोठी पंचाईत, कारण प्रकाशापेक्षा वेगात निरोप जाऊ लागला की वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या दोन जणांना घटनांचा क्रमच उलटा दिसतो आणि अशा दोघांनी एकमेकांना निरोप पाठवले तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मी प्रश्न विचारायच्या आधी माझ्याकडे येऊ शकतं. म्हणून ही मर्यादा मी प्रकाशाची म्हणत नाही, कारण आणि परिणाम यांच्या क्रमाची म्हणते, प्रकाश फक्त तिथपर्यंत पोचतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याचं कळलं तेव्हा गुरुत्वलहरी (अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वाच्या लाटा) आणि गॅमा किरण (प्रकाशाचाच अतिशय ऊर्जावान प्रकार) १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून जेमतेम पावणेदोन सेकंदांच्या अंतराने आले. गुरुत्वाचाही वेग तोच!

तर विनंती दोनच. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्या सैल केबलची गोष्ट छापा आणि जुळ्या कणांतून संदेश जातो हे वाक्य मागे घ्या. ती मुलगी पान आणणार आहे असं म्हणालीये.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका