वंशाचा रकाना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फॉर्मवर वंशाच्या रकान्यात काय भरायचं म्हणून काल फोनवर केवढा वैतागला होतास! ‘एशियन’वर खूण कर आणि मोकळा हो. पण तू ज्या व्हर्जिनियात बसून हा फॉर्म भरतोयस, तिथेच हा रकाना कोर्टकचेऱ्यांतून घडत गेला, तेवढं सांगते.

१६४० साली, तिथे इंग्रजांची वसाहत असताना, तीन नोकर शेजारच्या मेरीलँडला पळाले. एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच, काळा. तिघे पकडले गेले, तिघांना फटके बसले. गोऱ्या दोघांची चाकरी आणखी चार वर्षं वाढली. पंचला मात्र जन्मभराची.

पुढची गोष्ट एलिझाबेथ कीची. बाप इंग्रज, तिथल्या विधानसभेचा सभासद. आई आफ्रिकन गुलाम. एलिझाबेथला मुदतीच्या चाकरीला ठेवलं होतं. मुदत उलटून गेली तरी कोणी सोडेना, आणि मालक वारल्यावर तर इस्टेटीत तिला गुलामच धरलं. बाईने दावा लावला. वकील विल्यम ग्रिन्स्टेड, तिच्या मुलाचा बाप. आपला बाप स्वतंत्र इंग्रज, आपण बाप्तिस्मा झालेली ख्रिस्ती, आपली मुदतही संपलेली, असे तिचे मुद्दे. खाली जिंकली, अपिलात हरली, अखेर १६५६ मध्ये सुटली आणि त्याच वकिलाशी लग्न केलं.

मग विधानसभेने एकेक वाट बुजवली. १६६२चा कायदा: आई गुलाम तर मूल गुलाम. १६६७चा: बाप्तिस्म्याने सुटका नाही. इंग्रजी रिवाजात मूल बापाचं. आपल्याकडेही जात बापाचीच लागते. तिथे मुद्दाम उलटं केलं, कारण मालकापासून गुलाम बाईला मूल झालं की तेही मालकाच्याच मालमत्तेत जमा. ना पोटगी, ना वारसा. मला तर फटक्यांपेक्षा हे कलम भयंकर वाटतं. त्यात बाळंतपणसुद्धा धन्याची मिळकत झालं.

आपले लोक तरी कुठे बसायचे? तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व मिळवायला त्यांना ‘गोरं’ ठरावं लागे. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० मध्ये अमेरिकन कोर्टात ‘गोरे’ ठरले, नागरिकत्व टिकलं. पंजाबच्या भगतसिंग थिंडना १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोरं मानलं नाही.

एलिझाबेथचा खटला नॉर्थम्बरलँड काउंटीत चालला होता. राजधानी रिचमंडहून गाडीने जाता येतं म्हणतात. सुट्टीत गेलास तर कोर्टाचं जुनं दप्तर बघायला मिळतं का विचार, आणि मला फोटो पाठव.

तुझी,
आई