किलोमीटरला एक रुपया, पण कोणाच्या अंगणात?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की नाही, या विषयावर आपल्या स्तंभात मधूनमधून पत्रे येत असतात. त्यांत ‘किलोमीटरला फक्त एक रुपया’ हे वाक्य इतक्या वेळा वाचनात आले की आता ते कोणी पारखून पाहत नाही, नुसते पुढे सरकवतो. मी निवृत्त लेखापाल असून गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहतो. एप्रिल २०२३ मध्ये अशी मोटार घेतली, तेव्हापासून तिच्या चार्जिंगसाठी वेगळा सबमीटर बसवून दर महिनाअखेरीस त्याचे आकडे वहीत उतरवत आलो आहे. त्या वहीप्रमाणे मला किलोमीटर एका रुपयाला कधीच पडलेला नाही. दोन रुपये दहा पैशांच्या आसपास पडतो. आणि हा झाला केवळ विजेचा खर्च.

एक रुपयाचा आकडा येतो कोठून, ते आधी पाहू. जाहिरातीतला पल्ला हा प्रयोगशाळेतील चाचणीचा पल्ला असतो. त्याला बॅटरीच्या युनिटांनी भागायचे आणि विजेचा दर सहा-सात रुपये धरायचा, की उत्तर रुपयाच्याही आत येते. आमच्या रस्त्यांवर, म्हणजे चढउतार, वळणे, खड्डे आणि एप्रिल-मे महिन्यांत अखंड चालणारा एसी धरून, माझी गाडी बॅटरीतल्या एका युनिटमागे सात किलोमीटर जाते. पण बॅटरीत एक युनिट भरायला मीटरवर एकाहून अधिक युनिट फिरते, कारण चार्जरमध्ये आणि तारेत काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते. त्यामुळे बिलातल्या युनिटमागे मला सहा किलोमीटर दोनशे मीटरच मिळतात. वर्षाला माझे साधारण १२ हजार किलोमीटर होतात, त्याला सुमारे १९३५ युनिटे लागतात, म्हणजे महिन्याला १६०.

आता खरी गोम. घरगुती वीजबिल टप्प्याटप्प्याने चढते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे, पण गाडीचा हिशेब करताना बहुतेकजण ते विसरतात. माझ्या घराचा गाडीवाचून वापर महिन्याला १४० युनिटे. म्हणजे स्वस्तातली पहिली शंभर युनिटे पंखे, फ्रीज आणि विहिरीवरचा पंप आधीच खाऊन बसलेले असतात. गाडीच्या वाट्याला येतो तो १०१ ते ३०० चा टप्पा, जेथे वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा) धरून युनिट अकरा-साडेअकरा रुपयांना पडते आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागून ते तेरा रुपयांच्या आसपास जाते. गणपतीत मुंबईची मंडळी घरी आली, माडीवरचा एसी सुरू झाला, की एकूण वापर तीनशेच्या पुढे सरकतो आणि शेवटची युनिटे सतरा-अठरा रुपयांची होतात. त्या पंधरवड्यात मी गाडी कमी चार्ज करतो, असे म्हटले तर घरचे हसतात, पण वहीत तसे लिहिलेले आहे.

यावर उपाय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत बदल करून वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला दिला. चार्जिंगच्या वर्गवारीत घरगुती बिलासारखे चढते टप्पे नसतात. महिन्याला दोनशे-अडीचशे युनिटे गाडीत घालणाऱ्याने हा अर्ज गाडी घेण्याआधीच विचारात घ्यावा. माझ्यासारख्या सीमारेषेवरच्या माणसाने दरमहा लागणारा स्थिर आकार आणि नव्या मीटरचा खर्च मांडून मगच ठरवावे.

वीज अंगणात पोचली म्हणजे गाडीत शिरलीच, असेही नाही. गाडी आणली त्या संध्याकाळी चार्जर जोडला, तर त्यावर लाल दिवा लागला तो जाईना. शोरूममधून फोनवर सांगितले गेले, ‘काका, घरचे अर्थिंग तपासून घ्या.’ दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्याने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावला आणि मला काटा दाखवला : ३८ व्होल्ट. आमचे घर जांभ्याच्या कातळावर. वडिलांच्या वेळी पुरलेली अर्थिंगची तार दीड फुटावर दगडाला टेकून संपली होती. फ्रीज आणि मिक्सर त्यावर चाळीस वर्षे बिनतक्रार चालले, पण हा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर वीज आत घेतच नाही, आणि ते योग्यच आहे. अंगणात दोन ठिकाणी पहार मारून पाहिली, दोन्हीकडे ठिणग्या. शेवटी मागच्या बाजूला, जेथे मोरीचे पाणी केळीच्या बुंध्याशी जाते, तेथे आठ फूट खड्डा घेता आला. त्यात पाइप, कोळसा आणि जाडे मीठ घातले, तेव्हा दिवा हिरवा झाला. खड्डा, मीटरपासून गाडीपर्यंत जाड तांब्याची तार, भार वाढताच वीज तोडणारा वेगळा एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि मजुरी असे मिळून २१ हजार ५०० रुपये लागले. मे महिन्यात त्या खड्ड्यात दर आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओतावे लागते. कोणत्याही माहितीपत्रकात ही बादली नाही.

व्होल्टेजचे दुखणे निराळे. उन्हाळ्यात संध्याकाळी बागांचे पंप सुरू झाले की आमच्या टोकाला ते १८० पर्यंत उतरते आणि चार्जर मध्येच थांबतो. म्हणून मी रात्री अकरानंतर लावतो. एका अंगाला अंजनवेलचा वायूवर चालणारा वीजप्रकल्प, खाडीपलीकडे जयगडचा कोळशाचा, आणि वर सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळीला कोयनेची वीज. या तिघांच्या मधोमध बसून मी अकरा वाजण्याची वाट पाहतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता मुख्य रक्कम. मी दोन कोटेशने घेतली होती, एकाच आकाराच्या पेट्रोल आणि विजेच्या गाडीची, दोन्ही रस्त्यावर येईपर्यंतच्या खर्चासह. फरक ३ लाख ४० हजारांचा. हा फरकसुद्धा सरकारने आधीच कमी करून दिलेला होता : विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी पाच टक्के आहे आणि महाराष्ट्रात तिला वाहनकर माफ आहे, तर दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला तो ११ टक्के पडतो. कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखांपर्यंतची जी वजावट होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. मी एप्रिलमध्ये जागा झालो, पण कर्ज काढले नसल्यामुळे हळहळ नाही. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि विजेच्या गाडीचा पाचच राहिला. म्हणजे आज कोटेशन घेणाऱ्याने माझ्या वेळचा फरक गृहीत धरू नये, स्वतः नव्याने मांडावा. अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील टोलमाफी चांगलीच आहे, पण गुहागरच्या माणसाला ती वर्षातून किती वेळा लाभणार, हे ज्याचे त्याने मोजावे.

३ लाख ४० हजार रुपये मुदत ठेवीत सात टक्क्यांनी राहिले असते तर वर्षाला २३ हजार ८०० रुपये आले असते. लेखापालाच्या दृष्टीने हा गाडीचाच खर्च आहे, खिशातून रोख जात नाही म्हणून तो दिसत नाही इतकेच. पेट्रोलची गाडी आमच्या घाटवळणांत लिटरला पंधरा किलोमीटर देते. १२ हजार किलोमीटरला ८०० लिटर, १०४ रुपयांच्या भावाने ८३ हजार २००. विजेला माझे साडेपंचवीस हजार जातात. बचत सुमारे ५७ हजार ७००. ऑइल, क्लच, फिल्टर यांचा खर्च वाचतो, त्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये आणखी चार हजार वाचतात, तरी टायर लवकर झिजतात, कारण गाडी जड आहे आणि पायाखाली जोर फार आहे. विम्यात मात्र उलटे होते : थर्ड पार्टी हप्त्यात विजेच्या गाडीला १५ टक्के सवलत असली, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा किमतीवर ठरतो, आणि किंमत मोठी असल्यामुळे मला दरसाल सहा हजार जास्त द्यावे लागतात. या सर्वांची बेरीज-वजाबाकी करून आणि व्याज धरून जादा रक्कम वसूल व्हायला सव्वाआठ वर्षे लागतात. बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मी बराच वेळ वहीकडे पाहत बसलो होतो.

याचा अर्थ गाडी घेऊ नये असा मुळीच नाही. शृंगारतळीहून रोज चिपळूणला नोकरीसाठी जाणारे एक शिक्षक माझ्याकडे वही पाहायला आले होते. त्यांचे वर्षाचे साडेबावीस हजार किलोमीटर. दीड लाखांहून अधिक पेट्रोलच्या जागी त्यांना, वरच्या टप्प्याचा दर धरूनही, ५५ हजारांची वीज लागेल. त्यांची जादा रक्कम चार वर्षांत फिटते. त्यांनी गाडी घेतली आणि ते सुखी आहेत. उलट माझे शेजारी, वयाने माझ्याहून मोठे, बाजार, दवाखाना आणि वर्षातून दोनदा कोल्हापूर असे मिळून पाच हजार किलोमीटरही करत नाहीत. त्यांची वर्षाची बचत अडकलेल्या रकमेच्या व्याजालाही पुरत नाही. त्यांना मी जुनी पेट्रोल गाडीच ठेवा असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मुलाने मला पर्यावरणाचा शत्रू ठरवले. असो.

बाहेरच्या जलद चार्जिंगचा दर युनिटमागे विसाच्या आसपास आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही, म्हणजे चिपळूण-रत्नागिरीतील सदनिकेत राहणारा पण पार्किंगमध्ये मीटर नसलेला माणूस, त्याचा सगळा हिशेब बदलतो. त्याने सीएनजीशी तुलना करावी, पेट्रोलशी नव्हे.

घाटाविषयी लोक उगाच घाबरतात. पोफळीहून कुंभार्ली चढून हेळवाकला जाताना जवळपास पाचशे मीटर चढावे लागते, त्याला सपाटीवरच्या वापरावर दोन-सव्वादोन युनिटे जादा जातात, माझ्या ३० युनिटांच्या बॅटरीत सात-आठ टक्के. येताना उतारावर गाडी स्वतःच वीज बनवते. गेल्या डिसेंबरात हेळवाकला ४६ टक्के असलेली बॅटरी पोफळीला ४९ झालेली होती. फक्त बॅटरी काठोकाठ भरून उतार घेऊ नये, कारण तेव्हा बनलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

भीती बाळगायची तर पावसाळ्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. बॅटरीची पेटी साधारणपणे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशा मानकाची असते; चिपळूणचे पाणी अर्ध्या तासात उतरले नव्हते. म्हणून विमा घेताना पाणी शिरल्याने बॅटरीचे झालेले नुकसान त्यात धरले आहे काय, हे कागदावर वाचून घ्यावे, तोंडी आश्वासनावर राहू नये. जून ते सप्टेंबर माझ्या गाडीची बॅटरी साठ टक्क्यांखाली जाऊ देत नाही. उंदरांनी तार कुरतडली तो दोन हजारांचा खर्च मी वहीत ‘किरकोळ’ या सदरात टाकला आहे, कारण उंदीर पेट्रोलच्या गाडीलाही सोडत नाहीत.

छपरावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचे अनुदान मिळते, आणि कडक उन्हाच्या महिन्यांत गाडी व घर दोन्ही त्यावर भागतील. पण कोकणात पावसाचे चार महिने ढगांत जातात, त्यामुळे नेट मीटरमध्ये, म्हणजे जादा वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करणाऱ्या मीटरमध्ये, उन्हाळ्यात जमलेली युनिटे पावसाळ्यात कितपत पुरतील, त्यावर त्या खर्चाची वसुली अवलंबून आहे. माझ्या घराच्या पश्चिमेला दोन जुने आंबे आहेत, त्यांची सावली दुपारी दोननंतर कौलांवर येते. गेल्या महिन्यापासून मी सावली कोठपर्यंत सरकते तेथे खडूने खुणा करतो आहे. मे अखेर खुणा पुऱ्या झाल्या की तो हिशेबही आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
ता. गुहागर, जि. रत्नागिरी