जुना संगणक भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीचा पाठिंबा थांबवला. तेव्हापासून आमच्या भागातल्या वाचनालयांना एकच सल्ला मिळतो आहे : जुने संगणक भंगारात द्या, नवे घ्या. मी उदगीर तालुक्यातल्या एका लहान वाचनालयात ग्रंथपाल आहे. हा सल्ला घाईचा आहे आणि त्यात आपले खरे नुकसान कुठे होणार आहे याकडे कोणी पाहत नाही, म्हणून लिहीत आहे.

आमच्या संगणकात चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आणि चार जीबी रॅम आहे. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. आमच्याकडे दोन्ही नाही. पण यंत्र चालू आहे. वर्गणीच्या पावत्या, वार्षिक अहवाल, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे अर्ज, सगळे त्यावरच होते. पाठिंबा थांबला म्हणजे संगणक बंद पडत नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात. इंटरनेटवर अर्ज भरायचे असल्याने हा धोका मी हलका मानत नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत या दुरुस्त्या मिळतात, पण ती तात्पुरती सोय झाली.

पुष्कळदा दोष भलताच असतो. वीज जाऊन आल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसते, मग अर्जाची संकेतस्थळे उघडत नाहीत आणि यंत्र संपले असा निकाल दिला जातो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला की काम भागते. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणि जोडीला आणखी चार जीबी डीडीआर-३ रॅम घातली, तर हेच यंत्र सुरू व्हायला ताटकळत बसावे लागत नाही. त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली नीट चालते. ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. आपला प्रिंटर चालतो का, हे तेव्हाच तपासावे. अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या सेवा केंद्रांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची कित्येक सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी बनलेली असतात. वाचनालयाला मात्र इंटरनेटसाठी फायरफॉक्स, लिखाण-हिशेबासाठी लिबरऑफिस आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक एवढे पुरते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. आमची जुनी ग्रंथसूची कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटमध्ये टाइप केलेली आहे. गावोगावच्या सोसायट्या, ग्रामपंचायती, लहान साप्ताहिके यांच्या जुन्या फायलीही अशाच असणार. या फाँटमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. नव्या यंत्रावर तो फाँट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. माहीत नसलेला माणूस फाइल खराब झाली समजून पुसून टाकतो. आमच्या सूचीत निजामाविरुद्धच्या मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांच्या घरांतून आलेली पुस्तके आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात देणाऱ्यांची नावे. ती नावे दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत.

म्हणून प्रणाली बदलण्याआधी फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या रूपात, आणायला हव्यात, आणि त्याआधी जुन्या फाँटसह त्यांची एक प्रत वेगळी ठेवायला हवी. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात, पण त्यांच्यावर सोपवून मोकळे होता येत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी साठवली जाते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचा क्रमही उलटा. त्यामुळे ‘कीर्ती’, ‘निर्मिती’ असे शब्द मोडतात, ‘ऱ्या’ तर हमखास बिघडतो. प्रत्येक ओळ जुन्या फाँटमधल्या मूळ सूचीशी कोणीतरी ताडून पाहिली पाहिजे. आम्ही संध्याकाळी अभ्यासिकेतल्या मुलांना घेऊन हे काम सुरू केले आहे. एक जण वाचतो, दुसरा दुरुस्त करतो. आता ‘निजाम’ असा शब्द शोधला की त्या नावाची पुस्तके खरोखर समोर येतात. कृतिदेवच्या फाइलमध्ये तसा शोध लागतच नव्हता.

उदगीरला २०२२ मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच तालुक्यातल्या पुस्तकांची सूची एका फाँटपायी वाचता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

ग्रंथालय संचालनालयाला विनंती आहे की, अनुदानातून जुन्या संगणकाची रॅम आणि एसएसडी घेण्यास आणि सूचीच्या युनिकोड रूपांतराच्या मजुरीस स्पष्ट शब्दांत मान्यता द्यावी. लातूर, नांदेड, परभणी, बीड, सगळ्याच जिल्ह्यांतल्या ग्रंथालय अधिकाऱ्यांनी यासाठी एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. जागा लागल्यास आमच्या वाचनालयाचे सभागृह विनामूल्य मिळेल. येणाऱ्यांनी जुन्या फायली पेनड्राइव्हवर सोबत आणाव्यात.

आपली,
एक ग्रंथपाल, ता. उदगीर, जि. लातूर