अर्धे दिवे बंद दिसतील

पुणे, ३ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई पहिल्याच मिनिटाला "जेवला का" वर येते आणि बाबा दुसऱ्या मिनिटाला फोन आईकडे देऊन मोकळे होतात. म्हणून लिहितो. शिवाय लिहिलेलं फ्रिजवर चिकटवता येतं, आणि हे चिकटवायचंच आहे.

गुरुवारी नाहीतर शुक्रवारी घरी एक खोकं येईल. पैसे भरलेले आहेत, तेव्हा आणणाऱ्या पोराला दारातूनच परत पाठवू नका. आत लाल दिव्यांचा एक पॅनल आहे, वीतभर रुंद आणि हातभर लांब. आईच्या कंबरेसाठी. घेऊन झालाय, त्यामुळे "घेऊ नको" म्हणण्याची वेळ गेली. किंमत विचारू नका, विचारली तर मी खोटं सांगेन.

बाबा काय म्हणणार ते मला इथूनच ऐकू येतंय. "माझ्या चुंबकाच्या गादीवर इतकी वर्षं हसला, अन् आता स्वतः लाल दिवा पाठवून राहिला." बरोबर आहे, हसलो होतो. पण बाबा, त्या गादीवाल्यानं साखरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं बरं करून देतो म्हणून सांगितलं होतं. हा दिवा त्या मानाने फारच थोडं करतो. मला त्याचा भरवसा वाटला तो त्यामुळेच.

खरं कारण वेगळं आहे. मे महिन्यात मी नागपूरला आलो होतो, तेव्हा सकाळी दहापर्यंत झोपत होतो. कूलर गार हवा टाकत होता, खसचा वास येत होता, आणि मला वाटत होतं, घरी आल्यावर कशी झोप लागते! आठव्या दिवशी लवकर जाग आली तेव्हा दिसलं, की नळाला पाणी असेपर्यंत आई सहा बादल्या मागच्या अंगणातून उचलून कूलरमध्ये ओततेय. रोज. माझ्यासाठी. मी बादली घ्यायला आलो तर "तू झोप रे, सुट्टीत आला." आणि जूनमध्ये तुझी कंबर धरली. ते मला जुलैत कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. तू काय म्हणालीस? "काही नाही, जरा उसण भरून राहिली." उसण सहा महिने राहत नसते, आई.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांचा कागद बाबांनी फोटो काढून पाठवला होता, तो मी इथे एका फिजिओथेरपिस्ट मित्राला दाखवला. चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे, या वयात पुष्कळांना असतो, ऑपरेशनचं काही काम नाही. व्यायाम लागेल, चालणं लागेल. मी विचारलं, आणि या लाल दिव्याचं काय? तो म्हणाला, घे, पण व्यायामाच्या ऐवजी घेऊ नकोस. हे वाक्य मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतोय, कारण दिवा आला की व्यायाम बंद होईल, ही माझी पहिली भीती आहे.

बाबांना यंत्र उघडून बघितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून आतलं सांगून टाकतो. त्यात दोन जातींचे एलईडी आहेत. एक ६६० नॅनोमीटरचे, ते लालभडक दिसतात. दुसरे ८५० चे, त्यांचा उजेड आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे पॅनल लावल्यावर अर्धे दिवे बंद दिसतील. ते बंद नाहीत! तुम्ही वीज मंडळात आयुष्य काढलंत, टेस्टर घेऊन बसाल हे मला पक्कं माहीत आहे. त्याऐवजी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये ते फिकट जांभळे चमकताना दिसतात. टीव्हीच्या रिमोटचंही तसंच असतं.

आणि करतो काय, तर आपल्या पेशींच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे पेशीपेशीत एकेक कोराडीचं वीजकेंद्र समजा. तिथलं एक प्रथिन हा प्रकाश शोषतं आणि उत्पादन थोडं वाढतं, सूज आणि कळ कमी व्हायला मदत होते, असं मानतात. हे सापडलं ते चुकूनच. बुडापेस्टचे एन्द्रे मेस्टर नावाचे डॉक्टर १९६७ च्या सुमारास भादरलेल्या उंदरांवर लेसर टाकून कर्करोग होतो का बघत होते. कर्करोग झाला नाही, उलट प्रकाश पडला तिथले केस भराभर उगवले. (बाबा, आधीच सांगतो, पॅनल कंबरेसाठी आहे. टकलावर धरून बसू नका.)

अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ साली जुन्या कंबरदुखीसाठी सल्ला दिला, त्यात गोळ्यांच्या आधी बाकीचे उपाय करा असं म्हटलंय. व्यायाम, योग, आणि त्याच यादीत कमी ताकदीचा लेसरही आहे. पुरावा तुटपुंजा आहे असंही त्यांनीच लिहिलंय. आणि दवाखान्यातला लेसर म्हणजे घरचा पॅनल नव्हे, हेही मला कळतं. लाल प्रकाश कातडीत काही मिलिमीटर जातो, तो न दिसणारा जरा खोल जातो, पण मणक्यातल्या गॅपपर्यंत पोचून तो भरून काढेल असं काही नाही. आखडलेले स्नायू सैल झाले, सकाळी पलंगावरून उठताना निघणारी चमक कमी झाली, तरी मला पुरे. मी स्वतः इथे दीड महिना लावला. कंबर हलकी झाली. पण त्याच दीड महिन्यात मी रोज टेकडीवर चालायलाही लागलो होतो, त्यामुळे श्रेय कुणाचं ते देव जाणे.

मग कशाला पाठवला, असं विचाराल. त्या दुखण्याच्या गोळीमुळे. मेडिकलवाला न विचारता जी पट्टी देतो आणि बाबा जी "असू दे घरात" म्हणून आणून ठेवतात, तीच. आईला बीपी आहे. दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं, किडनीवर ताण येतो. डॉक्टरांनी आठवड्यासाठी दिली होती, तुम्ही दिवाळीपर्यंत चालवली. आता बंद, आणि बंद केल्याचं डॉक्टरांना जाऊन सांगून या. बीपीची गोळी मात्र चुकवायची नाही, दोन्हींत घोळ करू नका.

बाबा म्हणतील, आपल्या अंगणात थंडीचं ऊन फुकट येतं, त्यात लाल रंग नाही का? आहे की. आईनं सकाळी तुरीच्या शेंगा सोलत उन्हाला पाठ देऊन खुशाल बसावं, पण खुर्चीवर, पाटावर नाही. मेमध्ये ४५ अंशांत कोण बसणार आहे? आणि विजेचं म्हणाल तर शंभर वॅटचा पॅनल अगदी रोज पंधरा मिनिटं लावला तरी महिन्याला पाऊण युनिट. हिशेब तुम्ही करून बघालच.

आता नीट वाचा.

मागच्या खोलीत, दार लावून, आईनं कुशीवर झोपायचं, गुडघ्यांत उशी. कंबरेवर कपडा नको, तेल नको, बाम तर नकोच, कातडी कोरडी पाहिजे. पॅनल कंबरेपासून वीतभर दूर. पहिला आठवडा दहा मिनिटं, मग पंधरा, आठवड्यातून पाच दिवस. जास्त लावलं म्हणजे जास्त गुण येतो असं यात नाही, उलट कमी होतो. खोक्यात काळे गॉगल आहेत, दोघांनीही लावायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्या दिव्याकडे बघायचं नाही म्हणजे नाही. हा शेकाचा दिवा नाही, तो फिजिओकडचा लाल बल्ब वेगळा. हा कोमटच लागेल, शेक मिळावा म्हणून कंबरेला चिकटवू नका. बाबा, तुमच्या तळव्यांना साखरेमुळे नीट कळत नाही, तुम्ही हौसेनं पायाला लावायचा नाही.

पायात मुंग्या वाढल्या, पाऊल लुळं पडलं, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर दिवा, तेल, शेक सगळं सोडून त्याच क्षणी दवाखाना. रात्रीचे दोन वाजले असले तरी. मला फोन नंतर करा.

चिडल्यासारखं लिहिलंय का? चिडलो नाही गं. काल रात्री उगाच आठवलं, महालातल्या त्या जिन्यावरून तू मला पाठुंगळी घेऊन उतरायचीस, पाय प्लास्टरमध्ये असताना. बावीस पायऱ्या. मी मोजायचो, आणि शेवटच्या पायरीला तू मुद्दाम घोड्यासारखी उडी मारायचीस. तेव्हा मी आठ वर्षांचा घोडाच होतो. तुझी कंबर तेव्हा दुखत नसेल का? मी कधी विचारलंच नाही.

आणि एक गोष्ट कबूल करतो. त्या दिव्याने गुण येवो न येवो, पंधरा मिनिटं दार बंद असेल. त्या वेळात कुणी चहा मागणार नाही, कुकरच्या शिट्ट्या बाबा मोजतील, बेल वाजली तर बाबा उघडतील. दिवसा आडवं पड म्हटलं तर तू पडत नाहीस, डॉक्टरी यंत्र लावायचं म्हटलं तर पडशील. पैसे मी त्याचे दिलेत.

दिवाळीला आलो नाही, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही. संक्रांतीला येतोय, आठ दिवस, तिकीट काढलंय. येताना काही आणायचं नाही, तुम्हीही काही करून ठेवायचं नाही. पाटोडी मी गोकुळपेठेतून आणेन. फिजिओच्या बाई पुढच्या आठवड्यापासून दर मंगळवारी आणि शनिवारी घरी येतील, महिन्याचं ठरलंय. त्यांना "आता बरं आहे" सांगून वाटेला लावू नका.

कूलरचंही ठरवून टाकलंय. प्लंबर रविवारी येईल, मागच्या नळावरून पाइप टाकून फ्लोट बसवून जाईल. टाकी आपली आपण भरेल. डिसेंबरात कूलरचं काम काढतो म्हणून तो हसला, हसू दे. आई, बादल्या पुढच्या उन्हाळ्यात मला अंगणात दिसल्या नाही पाहिजेत.

पॅनलचं खोकं भंगारवाल्याला देऊ नका, वॉरंटीला लागतं.

तुमचा,
बंडू

ता. क. बाबा, ती चुंबकाची गादी माळ्यावरून एकट्याने काढायची नाही. दोन्ही एकदम लावून बघू, हा विचार तुमच्या मनात आला असणार. मी आलो की बघू.