रविवार कारंजावरच्या चष्मेवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात ते भांडायलाच, असं मला वाटलं होतं. जिना चढतानाच तुमचा आवाज आला, "माझ्या गिऱ्हाइकाचे डोळे कुणी नापास केले?" पंचवटीतल्या त्या निवृत्त शिक्षिका आजी आदल्या दिवशी आमच्याकडून उठून तडक तुमच्या दुकानात गेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

गंगापूर रोडवरच्या या खोलीत साठीपुढची माणसं मराठी मजकूर वाचताना त्यांची नजर कुठे थांबते, कुठे मागे वळते ते आम्ही मोजतो. नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारते. एकेका जागी साधारण पाव सेकंद टेकते. कॅमेरा डोळ्यावर इन्फ्रारेड, म्हणजे आपल्याला न दिसणारा, प्रकाश टाकतो आणि बाहुली व डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर चमकणारा बारीक ठिपका यांच्यातल्या अंतरावरून नजरेची जागा काढतो. डोळा प्रत्येकाचा वेगळा, म्हणून आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर नऊ ठिपके दाखवून कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे मशीनला त्या डोळ्याची ओळख करून द्यायची. 60 सेंटीमीटरवरून 1 अंशाची चूक म्हणजे पडद्यावर जेमतेम एक सेंटीमीटर. पण तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार पाहिला की खालच्या ओळीची वेलांटी, हेच कळेनासं होतं.

आजींचं पाच वेळा फसलं. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरांत 'फेल'. जन्मभर पोरांचे पेपर तपासलेल्या त्या बाई शेवटी म्हणाल्या, "राहू दे गं, माझ्यानं नाही व्हायचं." मी आपली "असू दे आजी, परत करू" म्हणत राहिले. ती लाल अक्षरं झाकावीत एवढंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोबत घेऊनच तुम्ही आलात. आधी नुसते बसून कॅमेऱ्यातलं चित्र बघत राहिलात. बाहुलीवर पांढरा डाग होता, काळ्या मण्यावर भाताचं शीत चिकटावं तसा. तुम्ही चष्म्याच्या काड्या कानांवरून नखभर वर उचलल्यात, काचा किंचित खाली झुकल्या आणि ते शीत भुवईकडे सरकलं. "काचेवरची चमक घालवणारं आमचं कोटिंग दिसणाऱ्या उजेडापुरतं. तुमचा उजेड त्याच्या ओळखीचा नाही," एवढंच म्हणालात.

मग हनुवटी. आजी ती सारखी वर करायच्या, आणि मी सारखी "मान स्थिर ठेवा" म्हणून टोकायचे. बायफोकलच्या खालच्या तुकड्यातून पडदा शोधत होत्या बिचाऱ्या! तो तुकडा 40 सेंटीमीटरवरच्या पोथीसाठी, आमचा पडदा 60 वर. तुम्ही पिशवीतून ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलता येणारी तपासणीची चौकट, काढलीत, लांबच्या नंबरात अडीचऐवजी पावणेदोन मिळवून काचा घातल्यात आणि आजींना म्हणालात, "बाई, हे मशीन नवशिकं आहे. तुमचा डोळा त्याला ओळखता येत नाही. ठिपका दिसेल तिथं बघा, चुकलं तर ते चुकेल." सहाव्या खेपेला सरासरी चूक 0.6 अंश. आजी मशीनकडे बघून म्हणाल्या, "बस खाली." पास झालेल्या पोराला म्हणावं तसं.

ती लाल अक्षरं आता आमच्याच पडद्यावर दिसतात, समोरच्याला नाही. तुमचं 'नवशिकं मशीन' मी प्रत्येकाला जसंच्या तसं सांगते. दुपारचं ऊन येणाऱ्या खिडकीकडून टेबलही हलवलं. काजळाचं मात्र आमचं आम्हीच शोधलं बरं का: कॅमेरा काळी रेघ बाहुली समजून बसतो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच प्यायलात. ट्रायल फ्रेम 'आठवडाभर ठेवा' म्हणून दिली होतीत, त्याला आता दोन महिने होतील. शनिवारी आणून देते. डाव्या काडीचा स्क्रू सैल झालाय, तो आमच्याच हातून. रागावू नका.

तुमची,
गंगापूर रोडची ठिपकेवाली