निफाडची थंडी आणि इथली

हॅमिल्टन (कॅनडा), 14 डिसेंबर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा आईने विचारलं, "नाताळात लोकांकडे दारूची बाटली घेऊन जाणार?" बाबा पलीकडून नुसतेच खोकले आणि तेवढ्यात फोन कटला. म्हणून हे पत्र.

इथे जेवायला बोलावलं की रिकाम्या हाताने जात नाहीत. आपण पेढ्यांचा पुडा नेतो, तशी इथे वाइनची बाटली. यजमानांनी ती त्याच रात्री उघडली नाही तर वाईट वाटून घ्यायचं नसतं, हेही आता कळलंय.

गेल्या वर्षी मात्र मी फसले. मेपलचं पान छापलेली स्वस्तातली बाटली उचलली आणि इथलीच समजून शेजारच्या आजींना दिली. त्यांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली : परदेशी आणि कॅनेडियन वाइनचं मिश्रण! द्राक्षबागायतदाराची मुलगी असून माल न बघता घेतला. आता आधी 'व्हीक्यूए' ही अक्षरं शोधते. ऑन्टारिओच्या बाटलीवर ती असली म्हणजे सगळी द्राक्षं याच प्रांतातली. 1988मध्ये इथल्या वाइनवाल्यांनीच हा शिक्का सुरू केला, कायदा नंतर 1999मध्ये झाला.

यंदा त्याच आजींकडे टर्की आहे. मांस जरा कोरडं, सोबत क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी. त्यावर जड रेड वाइन नको, म्हणून नायगाराकडची रीसलिंग ही पांढरी वाइन घेतली आणि एक हलकी रेड, गामे. रीसलिंगला आंबटपणा चांगला असतो, आपल्या रश्श्याबरोबरही छान लागते. (आई, हे वाक्य सोडून दे.)

बाबा, खरं तुम्हाला सांगायचंय ते आइसवाइनबद्दल, म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनबद्दल. डिसेंबरात निफाडचा पारा चार-पाचावर आला की तुम्ही पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवता, ठिबक सोडता, मणी तडकतील म्हणून झोपत नाही. इथले बागायतदारही झोपत नाहीत, पण ते थंडीची वाट बघत असतात! पानं गळाली तरी घड वेलीवरच, पाखरांसाठी जाळी लावलेली. पारा उणे आठच्या खाली गेल्याशिवाय तोडायचे नाहीत, असा नियमच आहे. मग बहुतेक रात्रीच तोडणी. मागच्या जानेवारीत मी एक बाग लांबून पाहिली. मणी सुरकुतलेले, तपकिरी, खड्यासारखे कडक. आपल्याकडे व्यापाऱ्याने तो माल क्रेटलाही लावला नसता.

ते तसेच गोठलेले दाबतात. पाणी बर्फ होऊन आतच राहतं, बाहेर येतो थोडासा दाट रस. म्हणून बाटलीही लहान, 375 मिलीची, आणि किंमत बऱ्याचदा पन्नास डॉलरच्या पुढे. आपण रसातली साखर 18 ब्रिक्स झाली की तोडणी धरतो ना? इथे रसाला सरासरी किमान 35 लागतो. तुमचा साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तिथवर जातो का, बघून सांगा. बहुतेक विदाल नावाची जात वापरतात, साल जाड असल्याने ती टिकते. इथल्याच एका वायनरीच्या 1989च्या विदाल आइसवाइनला 1991मध्ये फ्रान्समध्ये मोठं बक्षीस मिळालं, तेव्हापासून जगाचं लक्ष गेलं.

माझ्या साहेबांना भेट म्हणून आइसवाइनच घेतलीय. जेवण झाल्यावर गार करून घोटभर प्यायची. फार गोड पदार्थासोबत ती फिकी पडते, त्यामुळे मी बरोबर निळ्या बुरशीचं चीज देणार आहे. त्याचा वास आईला सोसायचा नाही.

फेब्रुवारीत येताना एक लहान बाटली आणू का? विमानाने दोन लिटरपर्यंत चालते. प्यायचं सोडा बाबा, निदान चमचाभर जिभेवर ठेवून गोडी किती ते सांगा. आई, तुझ्यासाठी मेपल सिरप आणतेय, घावनावर घाल. बाटली देवघराच्या खोलीत ठेवणार नाही, शब्द देते.

यंदा शेकोटीला लाकूड पुरेल ना? आणि बाबा, पहाटे बागेत जाताना कानटोपी घाला.

तुमची,
ताई